नोंदीतला मुलगा

ज्याचे आयुष्य केवळ शासकीय दप्तरात शिल्लक राहिले आहे, त्याचे चरित्र लिहिता येते काय? मराठी चरित्रविचारात हा प्रश्न क्वचितच उपस्थित होतो. ज्याने स्वतः काही लिहून ठेवले, किंवा ज्याच्याविषयी इतरांनी आस्थेने लिहिले, अशीच व्यक्ती प्रायः चरित्राचा विषय ठरत आली आहे. जॉन हडसन हा या दोहोंच्या बाहेरचा आहे. ऑस्ट्रेलियात वसाहत करण्यासाठी १७८७ मध्ये इंग्लंडहून निघालेल्या पहिल्या ताफ्यातील हा सर्वांत लहान पुरुष कैदी. म्हणजे, खरे तर, मुलगा.

डिसेंबर १७८३ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात त्याच्यावर घरफोडीचा खटला चालला. एक लिननचा सदरा, पाच रेशमी मोजे, एक पिस्तूल आणि दोन एप्रन एवढा ऐवज. वय विचारले असता त्याने नववे लागल्याचे सांगितले. धंदा विचारला, तेव्हा ठरावीक असा काही नाही, कधीमधी धुराडी साफ करतो, असे उत्तर आले. आईवडील वारलेले होते. केव्हा वारले, हे त्याला सांगता आले नाही. घरफोडीचा आरोप शाबीत झाला असता तर फाशीची शिक्षा होती. न्यायालयाने त्याला त्या आरोपातून मुक्त करून केवळ चोरीबद्दल दोषी ठरविले आणि सात वर्षांची समुद्रापारची हद्दपारी फर्मावली. अशा मुलाला विनाशातून सोडवावे, अशी इच्छा न्यायाधीशाने याच वेळी बोलून दाखविली, हेही नोंदले गेले आहे. करुणा आणि शिक्षा एकाच वाक्यरचनेत नांदू शकतात, याचा हा नमुना.

या संहितेच्या वाचकाला तीत मुलाचा ‘आवाज’ ऐकू आल्यासारखे वाटते. हा भास सावधपणे तपासला पाहिजे. येथे हडसन बोलत नाही, तो उत्तरे देतो. वय, धंदा, पालक हा क्रम प्रश्नकर्त्याचा आहे. त्याच्या जगण्याचा नाही. धुराड्यांच्या काळोखाविषयी किंवा मोजे चोरण्यास त्याला कोणी धाडले याविषयी त्याला काही म्हणावयाचे होते की नाही, हे या रचनेत उमटूच शकत नाही. आईवडिलांच्या मृत्यूचा काळ ठाऊक नसणे हा त्याच्या आयुष्यातला कदाचित सर्वांत मोठा तपशील. तोही अज्ञानाची कबुली म्हणूनच नोंदला जातो.

कीर्तिहीन माणसांच्या आयुष्यांवरील १९७७ च्या निबंधात मिशेल फूकोने असे प्रतिपादिले की, ही आयुष्ये सत्तेशी झालेल्या क्षणिक टकरीमुळेच प्रकाशात येतात. विचार मोलाचा आहे. परंतु हद्दपार मुलाच्या बाबतीत विजेच्या लखलखाटाची ही प्रतिमा अपुरी पडते. येथे सत्ता एकदा आदळून निघून जात नाही; ती त्याला वाहून नेते आणि वाटेत वारंवार मोजते. १७८४ मध्ये अमेरिकेकडे निघालेल्या ‘मर्क्युरी’ जहाजावर कैद्यांनी बंड केले, किनारा गाठला आणि पुष्कळजण पुन्हा पकडले गेले. हडसन त्यांच्यात होता. पुढे प्लिमथजवळ तुरुंग म्हणून नांगरून ठेवलेले ‘डंकर्क’ हे जुने जहाज, नंतर ताफ्यातले ‘फ्रेंडशिप’, जानेवारी १७८८ मध्ये ऑस्ट्रेलियाचा किनारा, आणि १७९० मध्ये नॉरफोक बेट. खटल्यानंतर प्रश्नोत्तराची जागा यादीने घेतली. नवव्या वर्षी निदान त्याला विचारले तरी गेले होते.

फेब्रुवारी १७९१ मध्ये रात्री नऊनंतर झोपडीबाहेर आढळल्याबद्दल त्याला पन्नास फटक्यांची शिक्षा झाली. निकालाच्या दिवसापासून मोजल्यास सात वर्षे आदल्या डिसेंबरातच भरली होती. ताफा निघाला तेव्हा कैद्यांच्या मुदतीचे कागद सोबत दिले गेले नव्हते, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. इतक्या याद्या करणाऱ्या यंत्रणेपाशी नेमकी तीच यादी नव्हती, जिची गरज तिला नव्हती, कैद्याला होती.

कादंबरीने ही उणीव भरून काढली, असे म्हणण्याचा मोह होतो. डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधील (१८३७–३९) डॉजर हा खिसेकापू मुलगा न्यायालयात मनसोक्त बोलतो, उलट तोच दंडाधिकाऱ्यांना दटावतो. हे स्वातंत्र्य विनोदाच्या संकेताने त्याला दिलेले आहे. शिक्षा होताच कादंबरी त्याला सोडून देते. समुद्रापलीकडच्या डॉजरची तिला उत्सुकता नाही. एका क्षुल्लक तपकीरडबीपायी तो गेला, त्यामुळे नामांकित गुन्हेगारांच्या चरित्रग्रंथात त्याचे नाव येणार नाही, हे त्याच्या सोबत्याचे दुःख मात्र लक्षणीय आहे. नोंद कशी व्हावी याची हौस गुन्हेगारालाही असते, हे डिकन्सने अचूक हेरले होते. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधील (१८६०–६१) मॅग्विच आपली कहाणी स्वमुखाने सांगतो खरा, तथापि त्याची ऑस्ट्रेलिया म्हणजे केवळ पैसा जेथून येतो ती जागा. १९९३ मध्ये एडवर्ड सईदने या मौनाकडे लक्ष वेधले आणि १९९७ मध्ये पीटर केरीने ‘जॅक मॅग्ज’ लिहून ती कहाणी कैद्याच्या बाजूने उलटून पाहिली. केरीचा नायकही प्रौढ आणि बोलका आहे. बोलक्या कैद्याची निवड हीच कादंबरीची मर्यादा ठरते.

मराठी वाचकाला समुद्रापारच्या शिक्षेची ओळख मुख्यतः ‘माझी जन्मठेप’ (१९२७) मधून झाली. तेथे लिहिणारा राजकीय बंदी आहे. चोरी, दरोडा, खून यांसाठी अंदमानात आलेले कैदी त्याच्या निवेदनात इतरांसारखे वावरतात. सावरकरांच्या गद्याची ताकद वादातीत आहे, पण ‘काळे पाणी’ म्हणताच मराठी मनात उभा राहतो तो ज्याच्यापाशी शब्द होते असा कैदी.

हडसनविषयी लोकप्रिय इतिहास लिहिणारे या रिकाम्या जागेत आईची आठवण, समुद्राची भीती, मित्राचा हात असे काहीबाही भरतात. हेतू चांगला असतो. मात्र अशा भरतीने मुलगा वाचकाच्या ओळखीचा होतो आणि दप्तर निर्दोष ठरते. जणू त्याला विचारले असते तर त्याने हेच सांगितले असते. त्याहून अवघड काम म्हणजे ते मोजके प्रश्न जसेच्या तसे समोर ठेवणे, आणि नववे लागलेल्या मुलाला त्याचे आईवडील केव्हा वारले हे विचारण्यात न्यायालयाला काय हवे होते, याचा शोध घेणे.