श्रद्धेचा दाखला

ख्रिस्ती इंडी रॉक ऐकणारा माणूस दोन प्रश्न बरोबर घेऊनच गाण्याला बसतो. गाण्यातला ‘तू’ म्हणजे देव की प्रेमाचं माणूस? आणि गाणारा अजून श्रद्धावान आहे की सुटला त्यातून? या दोन प्रश्नांची उत्तरं शोधण्यात पंचवीस वर्षं गेली आणि त्या गाण्यांत खरोखर काय चाललंय याकडे फार कमी जणांनी पाहिलं. इंग्रजी रॉकमधली काही उत्तम शब्दरचना या छोट्याशा कोपऱ्यात झाली असं माझं मत आहे. तिची समीक्षा मात्र अजून दाखले तपासणाऱ्या कारकुनाच्या टेबलावरून उठलेली नाही.

हे प्रश्न श्रोत्यांच्या डोक्यात आपोआप आले नाहीत, ते बाजाराने घातले. 1969 मध्ये लॅरी नॉर्मनचा ‘अपॉन धिस रॉक’ हा अल्बम आला, तेव्हा केस वाढवून येशूची गाणी म्हणणारा पोरगा हीच चर्चमध्ये भानगड होती. पुढच्या वीस वर्षांत तिचा उद्योग झाला: वेगळी दुकानं, वेगळी रेडिओ केंद्रं, वेगळे पुरस्कार. 1998 मध्ये गॉस्पेल म्युझिक असोसिएशनने आपल्या डव्ह पुरस्कारांसाठी शब्दांची कसोटीच ठरवून टाकली. गाण्यात बायबलवर आधारलेलं सत्य हवं, नाहीतर स्तुती किंवा साक्ष हवी, निदान ख्रिस्ती जीवनदृष्टी तरी स्पष्ट दिसायला हवी. दुसऱ्याच वर्षी ‘सिक्सपेन्स नन द रिचर’चं ‘किस मी’ बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. बँडचं नाव सी. एस. लुईसच्या ‘मिअर ख्रिश्चॅनिटी’तून घेतलेलं, गाणं मात्र साधं चुंबनाचं. आता हे कोणत्या खणात ठेवायचं? मिनिटाला किती वेळा येशूचं नाव येतं ते मोजा, असा विनोद त्या धंद्यातली माणसंच करत.

इंडीवाले या हिशोबातून अंग काढून घेत होते. सिअॅटलच्या डेव्हिड बझानने आपल्या ‘पेड्रो द लायन’ या बँडचे महत्त्वाचे अल्बम ‘जेड ट्री’ या चर्चशी संबंध नसलेल्या कंपनीकडे दिले. गायक सुफ्यान स्टीव्हन्सने सावत्र वडिलांबरोबर ‘अस्थमॅटिक किटी’ ही स्वतःचीच कंपनी काढली. त्यामुळे त्यांची गाणी एकाच वेळी दोन घरांत गेली, चर्चच्या युवकमंडळात आणि बारच्या मागच्या खोलीत. दोन्हीकडे आपापल्या सोयीचा अर्थ लागला.

स्टीव्हन्सच्या ‘इलिनॉय’ (2005) या अल्बममधलं ‘कॅसिमिर पुलास्की डे’ घ्या. मार्चच्या पहिल्या सोमवारी इलिनॉयमध्ये पुलास्की या पोलिश सेनानीच्या नावाने सुट्टी असते, तेवढंच शीर्षकाचं कारण. गोष्ट सांगणारा वयात येणारा मुलगा आहे आणि त्याच्या मैत्रिणीला हाडांचा कर्करोग झालाय. बायबल अभ्यासाला जमलेली मंडळी तिच्यासाठी प्रार्थना करतात. गुण येत नाही. मधल्या कडव्यांत त्या दोघांची चाचपडती जवळीक आहे, तिच्या वडिलांना ते कळणं आहे, शर्ट आणि बुटांच्या नाड्या यांसारखे बारीकसारीक तपशील आहेत. ती जाते त्या सकाळी एक लाल पक्षी खिडकीवर आपटतो. सगळं बॅन्जोच्या हलक्या सुरावर, आवाज न चढवता.

श्रद्धाळू श्रोता म्हणतो, पाहा, एवढं होऊनही तो देवाचं नाव सोडत नाही. दुसरा म्हणतो, पाहा, शेवटी त्याने देवावर आरोप ठेवलाच. दोघांच्याही नजरेतून निसटते ती शेवटच्या कडव्याची बांधणी. त्याच्या मागे ईयोबाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय उभा आहे. मुलंबाळं, गुरंढोरं गेल्यावर ईयोब जे बोलतो त्यात तीन पायऱ्या आहेत: देवाने दिलं, देवाने नेलं, देवाचं नाव धन्य असो. स्टीव्हन्स आधी क्रुसावरच्या तारणाचा गौरव करतो, मग देवाचा हात थेट मुलाच्या अंगावर आणतो आणि मधल्या पायरीवर, नेण्यावर, येऊन थांबतो. तिसरी पायरी तो चढत नाही. तिच्या जागी शब्द नसलेले आवाज आणि ट्रम्पेट येतं. ती धन्यता आहे की नुसतं रडं, हे गाणं सांगत नाही. आणि ते न सांगणं हे कवीचं काम आहे. त्याला पळवाट म्हणणाऱ्यांनी ईयोब पुन्हा वाचावा.

मराठी वाचकाला इथे विठ्ठलाला फैलावर घेणारी जनाबाई आठवेल. ना. वा. टिळकांनी तर ख्रिस्ताला अभंगातच बसवलं, तेव्हा ही सोयरीक फार लांबची नाही. पण ती अर्ध्या वाटेपर्यंतच कामाची. आपल्याकडे देवाशी भांडण हा घरातला मामला असतो, भांडला म्हणून कोणी माळ काढून घेत नाही. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल घरात माणसाचं तारण त्याच्या स्वतःच्या विश्वासावर आणि कबुलीवर उभं असतं. तिथे माइकवरून बोलून दाखवलेल्या शंकेची किंमत मोजावी लागते: मित्र, व्यासपीठ, आईवडिलांची झोप. स्टीव्हन्सच्या किंवा बझानच्या ओळी जनाबाईच्या चालीवर वाचल्या तर त्यातली ही धास्तीच गळून पडते.

स्टीव्हन्सच्या बाबतीत 2023 नंतर वेगळीच गंमत झाली. ‘जॅव्हलिन’ हा अल्बम त्याने त्याच वर्षी वारलेल्या आपल्या जोडीदाराला, एका पुरुषाला, अर्पण केला. लगेच जुनी गाणी उकरून काढली गेली. ‘सेव्हन स्वान्स’मधल्या (2004) ‘टू बी अलोन विथ यू’मधला ‘तू’ काल येशू होता, तो आज प्रियकर झाला. त्या गाण्यात देहाचा त्याग आहे, झाडावर चढणं आहे आणि नव्या करारात क्रुसाला झाड म्हटलं आहे, म्हणजे येशू तिथे आहेच. एका पुरुषाच्या प्रेमाची ओढही आहेच. गीतरत्न हे प्रेमकाव्य बायबलमध्ये घेतलं गेलं तेव्हापासून हे दोन अर्थ एका अंथरुणावर नांदत आले आहेत. एकाला हाकलून दुसऱ्याला बसवणाऱ्या मंडळींनी जुन्या कारकुनाची खुर्ची तेवढी बदलली.

फिलाडेल्फियाच्या ‘मीविदाउटयू’ या बँडपाशी तर कारकून हातच टेकतो. 2004 च्या अल्बमचं नाव गीतरत्नातलं. 2009 च्या अल्बममध्ये गायक आरन वाइसने ज्या गोष्टी गाण्यात आणल्या, त्या बावा मुहैयुद्दीन यांच्या. हे श्रीलंकेतले सूफी गुरू, तमिळमधून बोलत. 1971 मध्ये ते फिलाडेल्फियाला आले आणि वाइसचे आईवडील त्यांच्या संगतीत होते. त्यातल्या एका गाण्यात, नारळाच्या बागेत जाळलेल्या पाल्याचा उजेड म्हणजे काय, हे भुंग्यांच्या राजाला जाणून घ्यायचंय. तो आधी शहाण्यांना पाठवतो आणि शेवटी स्वतःच आगीत झेप घेतो. फारसी सूफी कवी अत्तारच्या काव्यातला, ज्योतीवर झेपावणारा पतंग लंकेच्या नारळबागेतून फिरून सिअॅटलच्या ‘टूथ अँड नेल’ या ख्रिस्ती मंडळींच्या कंपनीकडून बाजारात आला. त्याच अल्बमच्या शेवटच्या गाण्याच्या नावात अल्ला तीनदा येतो. बँड ख्रिस्ती राहिला का, यावर मग भरपूर काथ्याकूट झाला. राजा आगीत शिरल्यावर गोष्ट सांगायला उरतं कोण, हा गाण्याचा खरा पेच. त्यावर मी फारसं काही वाचलेलं नाही.

आज हे दुहेरी घरच मोडलंय. ‘जीझस पीपल’ या ख्रिस्ती समुदायाचा कॉर्नरस्टोन संगीत महोत्सव 1984 ला सुरू झाला, 2012 ला संपला. ‘फॅमिली ख्रिश्चन’ची दुकानं 2017 मध्ये बंद झाली, ‘लाइफवे’ची 2019 मध्ये. ‘मीविदाउटयू’ने 2022 मध्ये गाशा गुंडाळला. चर्चच्या बाजूला आता हिलसाँग, बेथेल या चर्चच्या उपासनागीतांचं राज्य आहे. त्यांत ‘तू’ कोण याची शंकाच नसते आणि त्यामुळे वाचण्यासारखंही फार उरत नाही. इंडीच्या बाजूला ज्युलियन बेकरसारखी समलिंगी आणि श्रद्धावान गायिका व्यसन आणि कृपा यांबद्दल उघडपणे गाते, तेव्हा कोणी भुवया उंचावत नाही. पण बायबल न वाचलेल्या नव्या श्रोत्याला तिच्या गाण्यामागचं स्तोत्र ऐकू येत नाही. जुना श्रोता निदान चुकीचे प्रश्न तरी विचारायचा.

या सगळ्यात सर्वांत जास्त चुकीचा वाचला गेला तो डेव्हिड बझान. वडील चर्चमध्ये संगीत सांभाळणारे, मुलगा त्याच वातावरणात वाढलेला. ‘विनर्स नेव्हर क्विट’ (2000) आणि ‘कंट्रोल’ (2002) हे दोन्ही अल्बम म्हणजे सलग गोष्टी आहेत. पहिल्यात स्वतःला धुतल्या तांदळासारखा समजणारा राजकारणी खुनापर्यंत जातो, दुसऱ्यात बायकोला फसवणारा धंदेवाईक नवरा. ‘कंट्रोल’मधल्या ‘रॅप्चर’ या गाण्यात व्यभिचाराच्या प्रसंगाला ख्रिस्ताच्या पुनरागमनाची भाषा दिली आहे. चर्चच्या श्रोत्यांनी त्यात गायकाचं अधःपतन शोधलं. बोलणारा बझान नाही, ते स्वतःच्या सुखाला स्वर्ग म्हणणारं पात्र आहे आणि त्याच्या तोंडी ती भाषा घालणं हाच त्याच्यावरचा सर्वांत कठोर शेरा आहे, हे त्यांना दिसलं नाही. गाणं कोणाच्या तोंडी आहे हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. पुढे ‘कर्स युवर ब्रँचेस’मध्ये (2009) बझान खरोखरच स्वतःच्या आवाजात देवाशी हिशोब करायला बसला आणि आदामाच्या पतनाची कथाच उलटतपासायला लागला. तेव्हा मात्र टीकाकारांनी त्या अल्बमला देवाशी काडीमोड म्हणून फाइल बंद केली. काडीमोडानंतर कोणी इतकं बोलत बसतं का?

त्याचे अलीकडचे तीन अल्बम ‘फीनिक्स’ (2019), ‘हवासू’ (2022) आणि ‘सांता क्रूझ’ (2024) लहानपणीच्या गावांवर आहेत. त्यांत ‘तू’ शोधणाऱ्यांच्या हाताला फारसं लागत नाही, म्हणून त्यांच्यावर उलगडे लिहिणारेही कमी. पण ‘फीनिक्स’मधलं ‘क्वायटेस्ट फ्रेंड’ नीट ऐकावं. शाळेत चारचौघांत भाव मिळावा म्हणून एका गरीब स्वभावाच्या मित्राशी दगा केल्याची ती आठवण आहे. अपराध, पश्चात्ताप, कबुली, चर्चने शिकवलेला क्रम जसाच्या तसा आहे. फक्त कबुली देवापुढे द्यायची सोडून ज्याचा अपराध केला त्याच्यापुढे दिली आहे, तीसुद्धा इतक्या वर्षांनी की तो ऐकायला समोर नाही.