लाजेचे दोन धडे

‘श्यामची आई’ हे पुस्तक आपल्याकडे जितके वाचले जाते त्याहून अधिक आठवले जाते. साने गुरुजींनी ते फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या चार-पाच दिवसांत लिहून काढले. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. पुस्तक न उघडलेल्या माणसाच्या मनातही त्यातील आईची एक मूर्ती ठसलेली असते. ही आई सोशिक, कष्टाळू आणि डोळ्यांत सदैव पाणी असलेली आहे. या मूर्तीपुढे आपण इतकी वर्षे हात जोडून उभे आहोत की, ती माता आपल्या मुलाला प्रत्यक्षात काय शिकवीत होती याची चिकित्सा करण्याचे भान आपल्याला राहिलेले नाही. मुलगा म्हणजे काय आणि मुलगी म्हणजे काय, हे समाज बालकाच्या मनावर कसे कोरतो, या प्रश्नाच्या दृष्टीने त्यातील दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचावीत, असे मला सुचवावयाचे आहे.

पहिले प्रकरण म्हणजे पहिलीच रात्र, वटसावित्रीच्या व्रताची. आई तापाने अशक्त झालेली आहे. वडाला प्रदक्षिणा घालण्याचे बळ तिच्या पायांत नाही. आपल्या वतीने ते काम श्यामने करावे, असे ती त्याला सांगते. श्याम कचरतो. वडाभोवती जमतात त्या बायका. त्यांच्यात मुलगा दिसला तर लोक हसतील, शाळासोबती चिडवतील, या भीतीने त्याचे पाऊल अडते. यावर आई जे उत्तर देते त्याचा आशय असा की, लाज वाईट कृत्य करताना वाटावी, चांगले काम करताना वाटू नये. श्याम जातो आणि प्रदक्षिणा घालतो.

गुरुजींनी या प्रसंगात समाजाच्या हातातील नेमके हत्यार ओळखले आहे. ‘हे काम मुलांचे नव्हे’ असा लेखी नियम श्यामला कोणीही वाचून दाखविलेला नाही. त्याला कोणी मारलेले नाही, रागावलेले नाही. तरीही नियम त्याला पाठ आहे, आणि तो त्याच्या कानशिलांत, तापलेल्या गालांत राहतो. हसू हाच समाजाचा पहारेकरी. आई त्या हसण्याची किंमत शून्य ठरविते, हे तिचे मोठेपण. मात्र समीक्षकाने येथे थांबून चालणार नाही. मुलाची लाज आईने काढून टाकली, पण व्रत जसेच्या तसे राहिले. पतीच्या आयुष्यासाठी पत्नीने उपवास धरावा आणि ताप आला तरी तो चुकवू नये, हे गृहीतक प्रकरणात कोठेही हललेले नाही. मुलगा बायकांच्या रिंगणात शिरला तो आजारी आईचा प्रतिनिधी म्हणून. पुढच्या ज्येष्ठी पौर्णिमेला ती बरी असेल तर रिंगण पुन्हा केवळ बायकांचे!

दुसरे प्रकरण पोहण्याचे. श्याम पाण्याला भितो आणि लपून बसतो. हीच माता हातात शिंपटी घेऊन त्याला विहिरीकडे पिटाळते. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणावे हे तिला सोसवत नाही. वडाच्या झाडाखाली ‘लोक हसतील’ या वाक्याला तिने कवडीची किंमत दिली नव्हती. विहिरीच्या काठावर त्याच वाक्याच्या धाकाने ती मुलाला पाण्यात लोटते. दोन्ही वेळा तिचे प्रेम खरे आहे. मुलाला पोहता यावे, ही इच्छाही रास्तच. पण भित्रेपणाचा कलंक मुलग्याला अधिक झोंबतो, हे कोणी सांगावयास हवे काय? मराठीत भ्याड मुलग्याला ‘भित्री भागूबाई’ म्हणतात. त्याने बांगड्या भरल्या आहेत काय, असे विचारतात. शिवी मुलग्याला दिली जाते, पण तिच्यात नाव बाईचे असते; शेजारी उभी असलेली त्याची बहीण ते ऐकत असते आणि आपली जागा शिकत असते. हा धडा देणारा शिक्षक कोणत्याही शाळेच्या हजेरीपटावर नाही.

गुरुजींच्या लेखणीत हा विसंवाद राहून गेला, हा मी पुस्तकाचा दोष मानीत नाही. उलट, त्यामुळेच ते प्रामाणिक आहे. खरी आई अशीच असते, दोन्ही तोंडांनी बोलणारी. पत्रावळ लावता येत नाही म्हणून श्यामला तीच माता अडवते आणि तो ती कला शिकून घेतो. घरकामाची लाज तेथेही मोडते.

इतर बालसाहित्याचा विचार फार लांबवीत नाही. भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’त मामेबहीण माली आहे, पण सायकल आणि शीर्षक दोन्ही बन्याची. ना. धों. ताम्हनकरांनी ‘गोट्या’ लिहिला तशी ‘चिंगी’ही लिहिली, गोट्याची दूरदर्शन मालिका झाली. खोडकर मुलगा कौतुकाचा आणि खोडकर मुलगी काळजीची, ही आपली वाचक म्हणून सवय आहे; लेखकांनाच दोष देऊन ती सुटणार नाही.

हे संस्कार किती लवकर मुरतात, याविषयी एक संशोधन उल्लेखनीय आहे. २०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लिन बियान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रे सिंपियन यांनी अमेरिकन मुलांचा अभ्यास मांडला. पाच वर्षांची मुले आणि मुली आपापल्या लिंगाच्या व्यक्तीलाच ‘खूप खूप हुशार’ समजत. सहा-सात वर्षांच्या मुलींत मात्र ही खात्री ओसरलेली आढळली, आणि ‘खूप हुशार मुलांसाठी’ म्हणून सांगितलेल्या खेळात त्यांचा रसही कमी झाला. मार्मिक गोष्ट ही की, शाळेत चांगले गुण कोण मिळवते या प्रश्नाला त्याच मुली मुलींकडेच बोट दाखवीत. म्हणजे डोळ्यांपुढचा पुरावा एक सांगतो आणि मन दुसरेच धरून बसते. सहाव्या वर्षी मूल नुकतेच पहिलीच्या वर्गात बसते.

तेव्हा पाठ्यपुस्तकांकडे वळणे क्रमप्राप्त आहे. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात स्त्री आणि पुरुष एकत्र बसून भाजी निवडत असल्याचे चित्र छापले. त्याचे स्वागत झाले, ते योग्यच. पण चित्राला श्यामच्या आईसारखी वाणी नसते. भाजी निवडणारा बाप पुस्तकात पाहून मुलगा घरी येतो आणि स्वतःच्या बापाला जेवणाची वाट पाहत बसलेला पाहतो. दोहोंपैकी खरे कोणते, हे त्याला कोणी समजावून सांगत नाही. चित्र बदलणे सोपे, हसू बदलणे अवघड.

आपल्याच अंगणाकडे पाहिले तर, वेदीवर सेवा करण्यास मुलींना रोमने अधिकृत अनुमती दिली ती १९९४ साली. तोपर्यंत बाकावर बसलेल्या सात वर्षांच्या मुलीला मेणबत्ती धरलेला भाऊ दिसे, आणि तिने त्याचा अर्थ आपल्या परीने लावलेला असे. अनुमतीनंतरही तो निर्णय स्थानिक धर्माध्यक्षांवर सोपविलेला होता.

पुन्हा पुस्तकाकडे येतो. श्याम या आठवणी आश्रमातील मित्रांना सांगतो. श्रोते तरुण पुरुष आहेत. बायकांच्या व्रतात आपण प्रदक्षिणा घातल्या, ही बालपणी लपवावीशी वाटलेली गोष्ट त्याने पहिल्याच रात्री, सर्वांत आधी सांगितली. गुरुजींनी आरंभासाठी हेच प्रकरण निवडले, पोहण्याचे नव्हे. चित्रपटाने आणि व्याख्यानांनी आईचे अश्रू उचलले. वडाभोवती फिरणारा तो शरमलेला मुलगा मात्र अजून पुस्तकाच्या पहिल्या पानांतच उभा आहे.