पकड आणि स्वारी

ओतूरकर मंडळी, कपर्दिकेश्वराच्या यात्रेतला आखाडा आपण बघतोच. खालचा उसळला की वरच्या पैलवानाची पकड कळते. ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ (२००५) या व्हिडिओ गेमने नेमकं हेच धरलंय. १६ महाकाय प्राणी. त्यांच्या केसांना धरून वर चढायचं. प्राणी अंग झाडतो तेव्हा बटण दाबून नुसतं लटकून राहायचं. पडद्यावरचं ताकदीचं वर्तुळ आटत जातं, संपलं की पडलात.

‘मॉन्स्टर हंटर राइज’मध्ये (२०२१) मात्र राक्षसाला रेशमी दोर बांधला की तो मोटारसायकलसारखा वळतो, दुसऱ्या राक्षसावर घालता येतो. मजा येते, नाही कशाला म्हणा! पण आम्हाला ती स्वारी पोकळ वाटते. खालच्याची मर्जी तिथं उरतच नाही. कोलोससवर तलवार उगारायलाही त्याच्या शांत होण्याची वाट बघावी लागते, आणि म्हणूनच त्याला मारताना हात जड होतो.