चित्रातला माणूस आणि चित्राचे मालक

प्रतिमेला बाजार आहे आणि त्या बाजाराला मालक आहेत, ही गोष्ट आपल्या सांस्कृतिक विचारात अजून पुरेशी आलेली नाही. कथा-कादंबऱ्यांतून आपले चित्रण कोणी केले, कोणत्या दृष्टीने केले, याची झडती दलित साहित्याने घेतली. ती घेणे अटळच होते. परंतु वृत्तपत्रे, क्रमिक पुस्तके, संस्थांचे अहवाल यांतून आपला माणूस रोज ज्या छायाचित्रांत दिसतो ती कोठून येतात, कोण विकतो आणि पैसा कोणाच्या पदरात पडतो, हे आपण विचारलेले नाही.

महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी एका विद्यार्थिनीने गटारात उतरलेल्या कामगाराचे छायाचित्र निवडून आणले. छायाचित्रे विकणाऱ्या एका संकेतस्थळावरचे ते होते. खाली छायाचित्रकाराचे नाव होते, किंमत होती आणि शोधणाऱ्याच्या सोयीसाठी दिलेले शब्द होते : भारत, गरिबी, घाण, कामगार. तिने विचारले, "सर, ह्यांचं नाव कुठे आहे?" नाव नव्हते. प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

ज्याला स्टॉक फोटोग्राफी म्हणतात त्या धंद्याची रीत साधी आहे. छायाचित्रकार कोणाच्या मागणीवाचून छायाचित्रे काढतो, त्यांचा साठा करतो आणि गिऱ्हाईक आले की छायाचित्र न विकता ते वापरण्याचा परवाना विकतो. एकच चित्र शंभर वेळा विकता येते. म्हणजे येथे खरी मालमत्ता कागद नाही, हक्क आहे.

हा धंदा आरंभापासून बड्या भांडवलाचाच होता असे नाही. ऑटो बेटमन हे बर्लिनमध्ये ग्रंथपाल होते. ज्यू म्हणून नाझींनी त्यांना नोकरीतून काढले. १९३५ मध्ये चित्रांनी भरलेल्या दोन ट्रंका घेऊन ते न्यूयॉर्कला उतरले आणि त्यांतून त्यांनी एक मोठा चित्रसंग्रह उभा केला. जन्मावरून हाकलल्या गेलेल्या माणसाने आपल्या कसबावर स्वतंत्रपणे उभे राहावे, ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. पुढे १९४७ मध्ये रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ आदी छायाचित्रकारांनी मॅग्नम ही सहकारी संस्था काढली. छायाचित्राचा हक्क मासिकाच्या मालकाकडे न जाता ते काढणाऱ्याकडे राहील, हे तिचे मूळ तत्त्व. श्रम करणाराचा आपल्या श्रमफळावर हक्क, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु बाजार बदलत गेला. १९९५ मध्ये बेटमन यांचा दीड कोटीहून अधिक चित्रांचा संग्रह बिल गेट्स यांच्या कॉर्बिस कंपनीने घेतला. २०१६ मध्ये तो एका चिनी कंपनीच्या मालकीचा झाला. तेलसम्राटाच्या घराण्यातील मार्क गेटी यांनी जोनाथन क्लाइन यांच्यासह १९९५ मध्ये उभारलेली कंपनी लहानमोठे संग्रह गिळत वाढली. दुसऱ्या बाजूने २००० मध्ये कॅनडात ब्रूस लिव्हिंगस्टोन यांनी आयस्टॉकफोटो सुरू केले आणि डॉलर-दोन डॉलरला छायाचित्र मिळू लागले. २००३ मध्ये आलेल्या शटरस्टॉकने महिन्याची वर्गणी भरा आणि हवी तितकी चित्रे उचला, अशी रीत पाडली. २००६ मध्ये गेटीने आयस्टॉकफोटो ५ कोटी डॉलरना घेतले. जाहिरातीच्या चित्रांना प्रत्येक वापरामागे वेगळे मोल घेण्याची जुनी पद्धत आपण बंद करीत असल्याचे तिने २०१९ मध्ये सांगून टाकले. जानेवारी २०२५ मध्ये तर गेटी आणि शटरस्टॉक यांनी आपल्या विलीनीकरणाची घोषणा केली.

ह्या उलथापालथीत स्वतंत्र छायाचित्रकाराची जी दैना झाली तिचे एक उदाहरण पुरे आहे. कॅरल हायस्मिथ ह्या अमेरिकन छायाचित्रकर्तीने आपली हजारो छायाचित्रे काँग्रेसच्या ग्रंथालयाला जनतेसाठी विनामूल्य देऊन टाकली. काही काळाने तिच्याच संस्थेला तिचेच छायाचित्र वापरल्याबद्दल १२० डॉलरची मागणी करणारे पत्र आले! तिने २०१६ मध्ये खटला भरला. पण तिचे मुख्य दावे न्यायालयात टिकले नाहीत. जे सर्वांचे म्हणून सोडले त्याला कुंपण घालून दाम वसूल करणे, ही रीत गावच्या गायरानापासून आपल्या परिचयाची आहे.

ह्यावर स्वतंत्र धंदा करणारांनी शोधलेले उत्तरही पाहिले पाहिजे. आयस्टॉक विकून मोकळे झालेल्या त्याच लिव्हिंगस्टोन यांनी ब्रायाना वेटलॉफर यांच्यासह २०१३ मध्ये स्टॉक्सी ही सहकारी संस्था सुरू केली. तेथे छायाचित्रकार हेच सभासद आणि मालक. साध्या परवान्याच्या विक्रीतला निम्मा वाटा त्यांचा, शिवाय मतदानाचा हक्क. मक्तेदारीला दिलेला हा नकार मोलाचा आहे, यात शंका नाही.

तरीही येथे एक प्रश्न शिल्लक राहतो. बेटमन असोत, गेटी असो की स्टॉक्सी, हिशेब दोघांचाच मांडलेला आहे : विकणारा आणि घेणारा. चित्रातला माणूस हा तिसरा. ह्या धंद्यात छायाचित्रांचे दोन वर्ग आहेत. जाहिरातीसाठी विकायचे असेल तर चित्रातल्या ओळखू येणाऱ्या माणसाचे सही केलेले संमतिपत्र लागते. बातमी वा लेखासाठी म्हणून विकायचे असेल तर सहसा ते लागत नाही. परिणाम काय होतो? हसतमुख कुटुंब, पांढऱ्या कोटातला डॉक्टर, संगणकापुढची तरुणी हे सारे पैसे घेऊन, सही करून चित्रात येतात. सफाई कामगार, वीटभट्टीवरची बाई, नाक्यावर उभा मजूर यांना मात्र कोणी विचारत नाही. ते वृत्तविषय ठरतात. सहीवाले आणि बिनसहीचे अशी ही विभागणी आहे; आणि जेथे सही नाही तेथे अंगठ्याचाही मान नाही. छायाचित्रकाराच्या मनात जातीयता असण्याची येथे गरजच नाही. धंद्याची रीतच ते काम करते.

कोणी म्हणेल, मग अत्याचाराची छायाचित्रेही संमतीवाचून छापू नयेत काय? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पण पुराव्याचे छायाचित्र एका गावाला, एका तारखेला, एका नावाला बांधलेले असते. त्याचे बळ त्या बांधलेपणात आहे. साठ्यातल्या छायाचित्राचा गुण नेमका उलटा. ते गाव, तारीख, नाव यांपासून जितके तोडलेले तितके अधिक ठिकाणी खपते. पुरावा आरोपीकडे बोट दाखवतो. साठ्यातले चित्र आरोपीला पुसून टाकते आणि 'गरिबी' एवढा एक शब्द मागे ठेवते, जणू ती पावसासारखी आभाळातून पडली.

आणि हा प्रश्न केवळ पैशाचाही नाही. १९३६ मध्ये डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात एका स्थलांतरित शेतमजूर आईचे छायाचित्र काढले. ते जगप्रसिद्ध झाले. सरकारी नोकरीत काढलेले असल्याने त्यावर कोणाचा मालकी हक्क नव्हता. लँग यांनी तिचे नाव विचारले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचे नाव, ती चेरोकी आदिवासी वंशाची, हे जगाला १९७८ मध्ये कळले. त्या चित्रातून आपल्याला एक पैही मिळाली नाही, ही खंत तिने बोलून दाखवली. १९८३ मध्ये ती वारली. १९९८ मध्ये त्या छायाचित्राची एक प्रत लिलावात २,४४,५०० डॉलरना गेली. म्हणजे चित्र फुकट वाटल्याने चित्रातल्या माणसाला न्याय मिळतो, हाही भ्रमच.

आता तर माणसावाचून चित्र करणारी यंत्रे आली आहेत. शटरस्टॉकने आपला साठा अशा यंत्रांच्या शिक्षणासाठी करार करून दिला. आपला साठा न विचारता वापरला म्हणून गेटीने २०२३ मध्ये स्टॅबिलिटी एआय ह्या कंपनीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. भांडण पुन्हा मालकामालकांचे. ज्यांचे चेहरे दाखवून आणि ज्यांच्यावर 'घाण', 'गरिबी' हे शब्द चिकटवून यंत्र शिकवले गेले, त्यांचा त्या दाव्यात पक्षच नाही.

तेव्हा आपली भूमिका कोणती असावी? छायाचित्रणाला नकार ही नव्हे. बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चित्रण नामदेव व्हटकर यांनी केले, म्हणून तो जनसागर पुढच्या पिढ्यांना पाहता आला. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जग आतून दाखवले. तामिळनाडूत एम. पलनी कुमार यांनी कष्टकऱ्यांच्या मुलांच्या हाती कॅमेरा दिला. कॅमेरा कोणाच्या हाती आहे याने फरक पडतो. पण तेवढ्याने भागत नाही. उद्या आपल्यातल्या एखाद्या तरुणाने स्वतंत्र चित्रसंग्रहाचा धंदा काढला आणि तोही नाव न विचारता वस्तीतले चेहरे विकू लागला, तर मालकाची जात तेवढी बदलेल.

असा धंदा अवश्य निघावा. बड्या कंपन्यांशी स्वस्ताईत स्पर्धा करून तो टिकणार नाही. त्यांच्यापाशी जे नाही तेच त्याचे भांडवल. ते म्हणजे माणसाची ओळख. प्रत्येक चित्रामागे नाव, गाव, काम, तारीख. ज्याला नाव द्यायचे नाही त्याचा नकार. वापर कोठे होणार याची कल्पना. आणि विक्रीत त्याचा ठरलेला वाटा. विकत घेणारा शिक्षक, संपादक, संस्था यांनीही ह्या चार गोष्टी मागितल्या पाहिजेत. त्यात आपल्या चळवळीची पत्रके आणि देणग्यांसाठी छापले जाणारे अहवालही आले. तेथेही आपण आजवर बिननावाची दुःखे छापत आलो आहोत.

त्या विद्यार्थिनीने ते छायाचित्र वापरले नाही. ती नगरपालिकेच्या कामगार वस्तीत गेली, चार दिवसांनी परत आली. अंकात तिने एकच छायाचित्र दिले. त्याखाली चित्रातल्या माणसाने स्वतःच्या हाताने केलेली सही होती.