द्राक्षाचं नाव, गावाचं नाव

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या बाजारात हळदीचा व्यापारी पोत्यात हात घालतो, एक हळकुंड काढून मधोमध मोडतो आणि आतला रंग बघतो. भावाचं बोलणं त्यानंतर. हे वाण बहुतेक वेळा सेलम असतं, म्हणजे नाव तामिळनाडूतल्या गावाचं. पण 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते ‘वसमत हळदी’ला. बेणं कुठूनही आलेलं असो, ओळख दिली ती इथल्या मातीने. हिंगोलीचा वाईनशी फारसा संबंध नाही, तरी महाराष्ट्राच्या वाईनचा विचार करताना मला हे मोडलेलं हळकुंडच आठवतं.

इटलीत वाईन ओळखली जाते ती गावाने, मुलखाने. बारोलो हे पिएमाँतेतलं गाव. तिथलं द्राक्ष नेब्बियोलो. वाईनचा रंग फिका, पण तुरटपणा असा की हिरड्या धरतात. कियांती हा तोस्कानातला टेकड्यांचा मुलूख, तिथे सांजोवेझे. कियांतीची हद्द तिथल्या ग्रँड ड्यूकने 1716 मध्येच आखून दिली होती. कुठल्या हद्दीत, कोणत्या द्राक्षाची वाईन कोणत्या नावाने विकायची, याचा देशभराचा कायदा 1963 चा. प्रोसेकोचं तर द्राक्षही त्याच नावाने ओळखलं जायचं. 2009 मध्ये द्राक्षाला ‘ग्लेरा’ हे नाव ठरवून दिलं आणि ‘प्रोसेको’ हे नाव प्रदेशासाठी राखून ठेवलं. नावासाठी एवढी धडपड मला योग्य वाटते, कारण त्या नावावर गावं जगतात.

आपल्याकडे चाल उलटी आहे. राजीव सामंतांच्या सुला वायनरीची पहिली वाईन 2000 साली आली, 2001 मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि नाशिकभोवती वायनऱ्या उभ्या राहिल्या. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराझ, सगळी फ्रान्सची द्राक्षं. ग्राहक मागतो तो ब्रँड, फार तर द्राक्ष. सुलाने एका शिराझला दिंडोरीचं नाव दिलं, ते मला या सगळ्या काळातलं महत्त्वाचं पाऊल वाटतं. 2022 मध्ये सुपरमार्केटात वाईन विकावी की नाही, यावर रान उठलं. वाईन कुठे विकायची यावर एवढं बोललं गेलं. चवीबद्दल चकार शब्द नाही.

गावाची चव बाटलीत उतरते का, याची खरी परीक्षा चालू आहे ती अकलूजजवळ, सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात. इटलीचे सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू एकत्र आले, म्हणून वायनरीचं नाव ‘फ्रातेल्ली’, म्हणजे भाऊ. वाईन घडवायला तोस्कानाचे पिएरो मासी आले आणि सोलापूरच्या उन्हात सांजोवेझे लागलं.

तोस्कानात वेल थंडीत झोपतो, वसंतात फुटतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी होते. आपला वेल असा झोपतच नाही. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पाऊस सरताना फळछाटणी आणि माल तयार होतो तो जानेवारी ते मार्चमध्ये. ऊन तापू लागलं की साखर भराभर चढते आणि आंबटपणा उतरतो. सांजोवेझेचा तर जीवच आंबटपणात. तोडणी थोडी लांबली की वाईन मऊ आणि बेचव होते. बागेत उभं राहून मणी चावायचा, बी तपकिरी झालं का ते बघायचं आणि आजच तोडायचं की उद्या, हे ठरवायचं, ही इथली खरी कारागिरी.

‘सेत्ते’ ही फ्रातेल्लीची मानाची वाईन, सांजोवेझे आणि काबर्ने सोव्हिन्यों यांची. ती भारदस्त आहे, पण काबर्ने आणि लाकडाच्या वासापुढे मला अकलूज सापडत नाही. नुसत्या सांजोवेझेत ते सापडतं: आमसुलासारखी आंबट धार, मागे उन्हाची ऊब. तोस्कानाची नक्कल म्हणून ती चाखली तर कमीच भरेल. सोलापूरची वाईन म्हणून चाखली तर ती आवडते.

फ्रातेल्लीच्या बागा मोटेवाडी, गारवाड आणि निमगावात आहेत. एकाच वर्षाच्या सांजोवेझेच्या तीन बाटल्या, प्रत्येकीवर एकेका गावाचं नाव, अशा शेजारी ठेवून चाखायला मिळाव्यात, याची मी वाट बघतो आहे.