हॉटेलं वाढली, ताट आकसलं

कोकण किनाऱ्यावर बाहेर जेवायची सोय गेल्या पाच-सहा वर्षांत झपाट्याने वाढली. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली आणि अलिबाग मुंबईकराच्या शनिवार-रविवारच्या टप्प्यात आलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ उघडला, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू. कोकण रेल्वे तर १९९८ पासून माणसं आणतेच आहे. रेवसपासून रेडीपर्यंत आणि पुढे तेरेखोल ओलांडून गोव्यात प्रत्येक वळणावर नवी पाटी दिसते: कुणी बागेत चार टेबलं टाकली, कुणी घराच्या पडवीत, कुणी समुद्राकडे तोंड करून काचेची भिंत बांधली. या नव्या हॉटेलांत चांगलं काय आणि चुकतंय काय, हे आता नीट बोलायला हवं, कारण हॉटेलं वाढत असताना त्यांच्यात मिळणारे पदार्थ मात्र कमी होत चालले आहेत.

कुठल्याही नव्या हॉटेलाचं कार्ड हातात घ्या. सुरमई थाळी, पापलेट थाळी, कोळंबी थाळी, चिकन थाळी. सोबत दोन चपात्या किंवा वडे, भात, लाल रस्सा, एका वाटीत सोलकढी. मालवणात हेच, गणपतीपुळ्यात हेच, मुरूड-जंजिऱ्यात हेच. किनाऱ्याची लांबी शेकडो किलोमीटर, मधे कितीतरी खाड्या, प्रत्येक खाडीपाशी स्वयंपाकाची रीत बदलते. थाळी मात्र बदलत नाही.

हे ताट मुंबईत घडलं. दादर, गिरगाव, पार्ल्यातल्या मालवणी-गोमंतकी हॉटेलांनी शहरातल्या गिऱ्हाइकाला मासे खायला शिकवलं, आणि ते फार मोठं काम होतं. पण शहराला काटा नको होता, वास नको होता, आणि मासा ताटात मोठा दिसायला हवा होता. म्हणून सुरमई आणि पापलेट पुढे आले. पेडवे, मांदेली, मुडदुशे, शेंगाळे मागे राहिले. पुढे तोच मुंबईकर सुट्टीला कोकणात उतरला तेव्हा त्याने तेच ताट मागितलं आणि इथल्या मालकांनी ते वाढलं. आपल्याच घरी आईने केलेलं पेडव्याचं तिखलं गिऱ्हाइकाला द्यायला मालक लाजतो आणि दूरच्या बंदरातून बर्फात आलेली सुरमई अभिमानाने मांडतो.

सगळ्यात मोठं नुकसान रश्श्याचं झालं. सिंधुदुर्गातल्या घरात कोंबडीचं वाटण वेगळं आणि माशाचं वेगळं. कोंबडीला, मटणाला, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याला कांदा-खोबरं भाजून काळपट होईपर्यंत परतलेलं वाटण लागतं. माशाच्या कढीला ओला नारळ, मिरची, धणे, हळद कच्चीच गुळगुळीत वाटायची. बांगडा किंवा तारली असेल तर ठेचलेली तिरफळं पडायलाच हवीत. त्या तेलकट माशाला तिरफळाचा झणझणीत वास पेलतो. कोळंबीला किंवा पापलेटला तोच वास मारून टाकतो. आंबटाचंही तसंच. कोकमाची आमसुलं नेहमीची, पण कैरीच्या दिवसांत कैरी, काही घरांत बिंबलं, श्रावण-भाद्रपदात आंबाडे, कुठे चिंच. आंबट बदललं की कढीचा सगळा स्वभाव बदलतो. हॉटेलातल्या मोठ्या पातेल्यात मात्र एकच तांबडं वाटण शिजतं. त्यात सुरमई सोडली की सुरमई करी, कोळंबी सोडली की कोळंबी मसाला, अंडं सोडलं की अंडा करी. ज्या स्वयंपाकात अमुक माशाला अमुक वाटण ही जाण पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली, तिथे हे होऊ द्यावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सोलकढीकडे पाहूनही हॉटेल ओळखता येतं. ओल्या नारळाचं दाट दूध, कोकमाचं आगळ, चिमूटभर मीठ, ठेचलेली लसूण-मिरची, कोथिंबीर. तिचा रंग फिकट जांभळट गुलाबी असतो, आणि थोडा वेळ ठेवली की दूध वर येऊन थर दिसतो. भडक गुलाबी, एकजीव, जराशी गोड सोलकढी समोर आली तर स्वयंपाकघरात नारळ खवला गेलेला नाही असं खुशाल समजा. वड्यांचं तेच. तांदूळ, उडीद, चणाडाळ, धणे, मेथी असं जाडसर दळलेलं पीठ भिजवून थापलेला वडा बाहेरून खरखरीत आणि आतून मऊ असतो. मैदा घातलेली फुगीर पुरी म्हणजे वडा नव्हे. आणि कोंबडी ब्रॉयलरची असेल तर भाजलेल्या वाटणाचा जोर तिला झेपत नाही. गावठी कोंबड्याचं चिवट मांस आणि ते वाटण एकमेकांसाठीच आहेत.

मालवणी म्हणजेच कोकणी, या समजुतीखाली बाकीचा किनारा झाकला गेला आहे. रायगडातल्या आगरी-कोळी घरांतलं कालवण नारळावर फारसं विसंबत नाही. लसूण, चिंच आणि घरचा मसाला यांवर ते उभं असतं. खारेपाटातला जिताडा पेण-अलिबागकडे पाहुण्याला मानाने वाढला जातो. कायस्थ प्रभूंची सोड्यांची खिचडी, रत्नागिरी-खेडकडच्या कोकणी मुस्लिम घरांतला नारळाच्या दुधातला स्वयंपाक आणि तांदळाच्या भाकऱ्या हीसुद्धा याच किनाऱ्याची दौलत. रेवदंडा-अलिबाग परिसरात शतकानुशतकं राहिलेल्या बेने इस्राएल समाजाने मांस आणि दूध एकत्र न करण्याचा आपला धर्मनियम नारळाच्या दुधाने सांभाळला, आणि खवले नसलेला मासा वर्ज्य मानला. मराठी बोलणाऱ्या यहुद्यांचा हा स्वयंपाक याच मातीत तयार झाला. तो वाढणारं एकही हॉटेल त्या पट्ट्यात माझ्या पाहण्यात नाही. अलिबागमध्ये आज लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा सहज मिळतो. पिझ्झ्याशी माझं भांडण नाही, पण एवढ्या गुंतवणुकीतून एक तरी स्वयंपाकघर या घरांकडे शिकायला गेलं असतं तर किनाऱ्याचं भलं झालं असतं.

अलिबागच्या नव्या कॅफेंविषयी आणखी फार लिहिण्यासारखं नाही. बागा सुंदर, कॉफी चांगली, मासा बहुतेकदा साधारण. एका ठिकाणी समुद्र टेबलावरून दिसत असताना 'फिश फिंगर' म्हणून गोठवलेला बासा आला. एक गोष्ट मात्र त्यांनी मनावर घेतली आहे, ती म्हणजे पोपटी. हिवाळ्यात वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी, कोंबडी रचून, मडकं उपडं करून भोवती जाळ करायचा. आता शेतघरं आणि छोटी रिसॉर्टं पोपटीच्या रात्री ठेवतात, आणि पालाही खरा असतो. शेंगा संपल्या की पोपटी बंद. ऋतू पाळला म्हणून गिऱ्हाईक कमी झालेलं नाही.

मग जावं कुठे? मालवणात 'चैतन्य' आणि 'अतिथी बांबू', सावंतवाडीत 'भालेकर खानावळ' ही नावं नवी नाहीत, पण नव्यांनी त्यांच्याकडून शिकावं म्हणून ती घेतो. तिथे घरगुती हात टिकून आहे; ताटाच्या कडेला कधी मुळे, कधी सुक्या जवळ्याची चटणी अशी वाटी येते आणि ती वाटीच मला थाळीतल्या मोठ्या तुकडीपेक्षा जास्त सांगते. दिवेआगर, मुरूड, आंजर्ले, गुहागर या पट्ट्यात ब्राह्मणी घरगुती खानावळी आहेत: केळीचं पान, वालाचं बिरडं, फणसाची भाजी, उकडीचे मोदक. तिथे आदल्या दिवशी किंवा सकाळी फोन करून माणसं सांगावी लागतात. अनेक पर्यटकांना हा त्रास वाटतो. पण मोदकाची उकड माणसं मोजून काढली जाते म्हणूनच ती तशी होते. किनाऱ्यावरच्या नव्या घरगुती जागांपैकी ज्या अशी आगाऊ सूचना मागतात, तिथे मी डोळे मिटून जाईन. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव होतो. त्या दिवशी काय उतरलं ते पाहून मेन्यू ठरवणारी घरं दापोली-हर्णैकडे शोधली तर मिळतात. मालवणीत विचारतात तसं नुसतं 'कसलो मासो गावलो?' एवढं विचारावं. उत्तर देणारा आत जाऊन पाहून आला, तर बसावं. कार्डावर बोट ठेवलं, तर उठावं.

गोव्यात चित्र अधिक गंभीर आणि अधिक आशेचं आहे. तिथे शिकलेल्या शेफांची एक पिढी किनाऱ्याच्या स्वयंपाकाकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहते आहे. बाणावलीतल्या 'कॅवटिना'चे अविनाश मार्टिन्स पदेर (पाववाले), रेंदेर (माडी काढणारे), मच्छीमार, शेतकरी यांच्या कामातून आपले पदार्थ उभे करतात. दक्षिण गोव्यात त्यांनी 'टेबल इन द हिल्स' नावाने निवडक पाहुण्यांसाठी डोंगरातलं जेवण मांडलं. २०१८ च्या कोची बिएनालेत सुरू झालेल्या आणि नंतर गोव्यात आलेल्या 'एडिबल आर्काइव्हज' या उपक्रमाने देशी तांदळाच्या जातींना ताटाच्या मध्यभागी ठेवलं. भाताला एवढा मान मुंबईतल्या कुठल्याही मालवणी हॉटेलाने दिलेला नाही, आणि आपल्या सिंधुदुर्गातल्या हॉटेलांनी तर उकडा तांदूळ टाकून पांढरा बारीक भात आणला. लाल उकड्या भाताला माशाची कढी जशी धरून राहते तशी त्या भाताला राहत नाही.

तरीही गोव्यातल्या या जेवणाबद्दल एक प्रश्न मला सोडवत नाही. ज्या कुळागरांतून, खाजन शेतांतून, मच्छीमारांच्या वाड्यांतून हे पदार्थ उचलले, तिथल्या माणसाला त्या टेबलावर बसणं परवडत नाही. हणजुणे, आसगाव, शिवोली या गावांत तर नवी हॉटेलं एकमेकांना धरून उघडतात आणि त्यांच्या कार्डांवर जपानपासून मेक्सिकोपर्यंत सगळं असतं, फक्त शितकडी, म्हणजे कढी-भात, नसते. २०२३ मध्ये गोवा सरकारला समुद्रकिनाऱ्यावरच्या शॅकमध्ये गोव्याचं जेवण मिळालंच पाहिजे असं धोरणात सांगावं लागलं. सक्तीने चव येत नाही हे खरं, पण सांगावं लागलं यावरूनच परिस्थिती कळते.

आणि समुद्र? स्वयंपाकाची चर्चा करताना त्याला बाहेर ठेवता येत नाही. पर्ससीन जाळ्यांवर महाराष्ट्राने २०१६ मध्ये निर्बंध आणले, तरी मालवण-रत्नागिरीचे पारंपरिक मच्छीमार आजही त्याच तक्रारी मांडतात. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला, कारण त्याला जपायची वेळ आली. असं असताना तळहाताएवढं पापलेट तळून 'स्पेशल थाळी'त देणं हा नुसता चवीचा गुन्हा नाही. अंडी घालण्याआधीच पकडलेला मासा पुढच्या वर्षीचा मासा कमी करतो. थाळीतला मासा त्या दिवशी बंदरात काय उतरलं त्यावर ठरला, तर सुरमई-पापलेटावरचा भार थोडा हलका होईल आणि बांगडा, शेंगाळा, लेपा यांना योग्य भाव मिळेल.

माझ्या मते नव्या हॉटेलाची खरी परीक्षा जून-जुलैत होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत बहुतेक हॉटेलं गोठवलेली सुरमई वाढतात किंवा सरळ टाळं लावतात. पण कोकणी घराचा सगळ्यात बुद्धिमान स्वयंपाक याच दिवसांतला आहे. अगोटीची बेगमी करून ठेवलेले सुके बांगडे, सोडे, सुकट, वाकट्या, निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा आणि सोबत कुळथाची पिठी, उकडा भात, सुकट घालून केलेली फणसाच्या आठळ्यांची भाजी, टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, रायगड-ठाण्याकडे काकडं घातलेली शेवळं, अळू, शेतातल्या कुर्ल्यांचा रस्सा. घावणे आणि नारळाच्या रसातले शिरवळे तर बारा महिने करता येतात, ते पावसात अधिक चांगले लागतात. यातली एकही गोष्ट महाग नाही. चढणीचे मासे तेवढे हॉटेलांनी वाढू नयेत. ते अंडी घालायला वर येतात, आणि घरापुरते पकडणं व पर्यटकांसाठी ओढे उपसणं यात फरक आहे.

हा स्वयंपाक हॉटेलात का येत नाही, याचं एक कारण मजुरी आहे. टाकळा निवडायला, आठळ्या सोलायला, सोडे साफ करायला, पाट्यावर नाही तरी मिक्सरवर चार वेळा वेगळं वाटण करायला हात लागतात, आणि ते हात बहुतेक बायकांचे असतात. पाटीवर मालकाचं नाव असतं. कढीची चव जिच्या हातात आहे ती मागच्या पडवीत असते आणि तिचा पगार वाढप्याएवढाही नसतो. गोव्यातल्या शेफचं नाव आपल्याला माहीत असतं, मालवणातल्या थाळीमागच्या बाईचं नसतं. जी नवी हॉटेलं तिला भागीदार करतील, तिच्याकडून चार वाटणं वेगळी करून घेऊन त्याचे पैसे थाळीच्या दरात उघडपणे मागतील, त्यांना शे-दीडशे रुपये जास्त द्यायला आपण गिऱ्हाइकांनी कुरकुर करू नये. आणि जुलैत त्यांनी पिठी-भात आणि भाजलेला बांगडा समोर ठेवला, तर पापलेट कुठे असं विचारू नये.