संततिनियमनाचे साधन आणि मराठी समीक्षेचे मौन

मुंबई विधानसभेत १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य पी. जे. रोहम यांनी संततिनियमनासंबंधी एक अशासकीय ठराव मांडला. त्यामागील भाषण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तयार केले होते. ते स्वतः त्या दिवशी सभागृहात नव्हते. ठरावाच्या बाजूने ११ आणि विरोधात ५२ मते पडली. मराठीतील आंबेडकरविषयक लेखनात या भाषणाचा उल्लेख वारंवार येतो, परंतु तो बहुधा द्रष्टेपणाचा दाखला म्हणून. संहिता म्हणून त्याचे वाचन क्वचितच झाले आहे. प्रस्तुत लेखात तसे वाचन अभिप्रेत असून त्यास परभणी जिल्ह्याचा संदर्भ जोडला आहे. १९३८ मध्ये परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. ठराव मंजूर झाला असता तरी येथील स्त्रीपर्यंत तो पोहोचला नसता, ही गोष्ट अशा वाचनासाठी उपयुक्तच ठरते.

ठरावात सरकारकडे दोन मागण्या होत्या : सामान्य जनतेत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्याच्या पुरेशा सोयी उपलब्ध करून द्याव्यात. पहिल्या मागणीवर भाषणाचा भर आहे. दारिद्र्य, मातेचे आरोग्य, बालमृत्यू यांची मांडणी तेथे सविस्तर येते. दुसऱ्या मागणीत मात्र ‘सोयी’ हा एकच मोघम शब्द उरतो. कोणते साधन, ते कोणी तपासायचे, कोणत्या स्त्रीच्या अंगाला ते मानवेल, हे प्रश्न भाषणात नाहीत. विधिमंडळातील भाषणाकडून तशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल, हे मान्यच. पण हीच मोघम जागा पुढील काळात शासनाने आपल्या सोयीने भरली.

याच काळात रघुनाथ धोंडो कर्वे साधनांविषयी तपशिलाने लिहीत होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, १९२३ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले, १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी सोडली आणि जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनीच मांडली. मराठी समीक्षेने, आणि नंतर रंगभूमी व चित्रपटाने, कर्वे स्वीकारले ते मुख्यतः अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे हुतात्मे म्हणून. अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ (२००१) आणि अजित दळवींचे ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक या दोन्ही कलाकृती मोलाच्या आहेत. नाटकाचा तर कणाच न्यायालयीन खटले हा आहे. मात्र त्यामुळे अश्लीलतेचा वाद ठळक झाला आणि साधने विकणारा, समजावून सांगणारा कर्वे मागे पडला. वस्तुतः त्यांच्या लेखनातील सर्वांत आधुनिक भाग तोच होय. साधन स्त्रीच्या हाती असावे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांची मर्यादाही येथेच आहे : वाचता येणारी आणि टपालाने मागवू शकणारी शहरी स्त्री हीच त्यांची वाचक. शेतमजूर बाई त्यांच्या लेखनाच्या कक्षेत फारशी आली नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम आला आणि १९५४ मध्ये मुंबईत गर्भनिरोधक साधनांच्या चाचणीचा विभाग सुरू झाला. परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था ही त्याचीच पुढील अवस्था. म्हणजे संशोधनास शासकीय पाठबळ मिळाले नाही, असे म्हणता येत नाही. प्रश्न त्या पाठबळाच्या पल्ल्याचा आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने संप्रेरकविरहित गोळी तयार केली. सुरुवातीचे तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यावयाची ही गोळी १९९१ मध्ये ‘सहेली’ नावाने बाजारात आली. शासकीय कार्यक्रमात ती ‘छाया’ म्हणून शिरली ती सुमारे २५ वर्षांनी. प्रयोगशाळेला निधी मिळाला. प्रयोगशाळेपासून उपकेंद्रापर्यंतच्या वाटेची काळजी कोणी वाहिली नाही.

चाचणीच्या नीतीचा प्रश्न परभणीला अधिक जवळचा आहे. १९८५ मध्ये हैदराबादजवळील पाटणचेरू येथे नेट-एन या इंजेक्शनच्या चाचणीत स्त्रियांना पुरेशी माहिती दिली गेली नाही, म्हणून १९८६ मध्ये स्त्री शक्ती संघटना आणि इतर स्त्रीसंघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. याच पाटणचेरूत कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी ‘इक्रिसॅट’ ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे आणि तिच्या सहकार्याने परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये लोह व जस्ताचे प्रमाण अधिक असलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण प्रसारित केला. वाण देताना तो कोणत्या जमिनीत, किती पावसात टिकेल, हे पाहिले जाते. विद्यापीठाची सारी शिस्तच त्यावर उभी आहे. गर्भनिरोधकाबाबत हाच प्रश्न विचारायचा झाला, तर तो ऊसतोड कामगार स्त्रीपासून विचारावा लागेल.

गंगाखेड परिसरातूनही दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि कारखान्यांचा हंगाम संपेतो परतत नाहीत. शासनाचे ‘अंतरा’ इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. गावात पहिले घेतले, तर पुढचे परजिल्ह्यातील फडात असताना येते. तांबीने रक्तस्राव वाढू शकतो, आणि फडात ना आडोसा ना पाणी. शेजारच्या बीड जिल्ह्यात या परिस्थितीचे टोक दिसले. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. मासिक पाळीचे दिवस कसे काढावेत याला परवडणारे साधन नसले की शस्त्रक्रिया हेच साधन होते. ‘सोयी’ हा १९३८ चा मोघम शब्द येथे किती जड होतो, ते दिसते.

२०२३ मध्ये परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या संशोधन विषयांत फडावरच्या स्त्रीला स्थान मिळते की नाही, यावर वरील वाचनाचे मोल ठरेल.

भाषणातील एक मुद्दा शिल्लक राहतो. प्रसूतीच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक अपत्यास कोणीही तयार झाला नसता, असे त्यात म्हटले आहे. सभागृहातील पुरुषांना उद्देशून केलेला हा टोला पुढील संशोधनालाही लागू पडतो. पुरुषांसाठीच्या ‘रिसग’ या इंजेक्शनवर खरगपूरच्या सुजॉय गुहा यांनी १९७० च्या दशकापासून काम केले. ३०३ पुरुषांवरील तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदीचे प्रमाण एक टक्काही नव्हते.